विषाणूच्या जीनोममधले सांधे कसे शोधायचे: मानवी अ‍ॅडेनोविषाणूंच्या रिकॉम्बिनेशनचा लॅपटॉपवर करता येणारा अभ्यास

कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणारी बरीच मुलं प्रोजेक्टचा विषय ठरवताना विषाणूंकडे वळतच नाहीत. अडचण खरी आहे. विषाणू वाढवायचे तर पेशीसंवर्धन लागतं, बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) दर्जाची प्रयोगशाळा लागते, आणि कॉलेजच्या पातळीवर ते सहसा जमत नाही. मग पुन्हा मातीतले जिवाणू, पुन्हा पंचगंगेच्या पाण्याचे नमुने. त्या कामांचं मोल आहेच. पण विषाणूंच्या उत्क्रांतीतला एक जिवंत प्रश्न असा आहे की ज्याला साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि चिकाटी एवढं पुरतं: मानवी अ‍ॅडेनोविषाणूंचे नवनवे प्रकार येतात कुठून? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. दोन जुने प्रकार एकाच पेशीत भेटतात आणि त्यांच्या डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल होते. याला जनुकीय पुनर्संयोजन म्हणतात. इथे मात्र प्रयोगशाळेत रोज बोलला जाणारा रिकॉम्बिनेशन हाच शब्द वापरतो.

ही अदलाबदल स्वतःच्या हाताने शोधून काढता यावी म्हणून हा लेख आहे. त्यासाठी प्रकार ५५ हे एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठामपणे सांगतो: फक्त हेक्सॉन (विषाणूच्या कवचातलं मुख्य प्रथिन) याचं जनुक वाचून अ‍ॅडेनोविषाणूवर प्रकाराचं लेबल लावू नका. आजही कितीतरी प्रोजेक्टमध्ये आणि प्रकाशित लेखांतही हेच होतं, आणि नेमके नवे प्रकार त्यातून निसटतात.

आधी विषाणूची नीट ओळख

१९५३ साली वॉलेस रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुलांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या अ‍ॅडेनॉइडच्या ऊतीत हा विषाणू सापडला. पुढच्याच वर्षी मॉरिस हिलमन आणि वर्नर यांनी तो श्वसनविकाराने आजारी असलेल्या अमेरिकी सैनिकांत शोधला. त्याला बाहेरून मेदाचं आवरण नसतं, म्हणून तो पृष्ठभागांवर चिवटपणे टिकतो. जीनोम दुपदरी, सरळ रेषेतल्या डीएनएचा आणि साधारण ३४ ते ३६ हजार बेस-जोड्यांचा. सार्स-कोव्ह-२ सारख्या आरएनए विषाणूंचे जीनोम हाताळले असतील तर हा आकार ओळखीचा वाटेल, पण स्वभाव वेगळा आहे. अ‍ॅडेनोविषाणूचं डीएनए पॉलिमरेज स्वतःच्या चुका तपासतं, त्यामुळे एकेका बेसचे बदल सावकाश होतात. इतकी विविधता त्या बारीक बदलांतून एकट्याने येणं अवघड असतं. मोठ्या उड्या रिकॉम्बिनेशन मारतं.

मानवी अ‍ॅडेनोविषाणूंच्या ए ते जी अशा सात प्रजाती आहेत आणि त्यांत मिळून शंभरावर प्रकार. प्रजाती सी मधले १, २, ५, ६ लहान मुलांच्या सर्दी-तापात नेहमी भेटतात. बी मधले ३, ७, १४, ५५ न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतात. एफ मधल्या ४० आणि ४१ ने जुलाब होतात. डी ही सगळ्यात मोठी प्रजाती. डोळ्यांच्या गंभीर साथी आणणारे ८, ३७, ५३, ६४ तिच्यातलेच. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, तेव्हा या विषाणूचं नाव बरंच कानावर पडलं. डोळे येण्यामागे एन्टेरोविषाणूही असतात, म्हणून तपासणीशिवाय सरसकट अ‍ॅडेनो म्हणू नये.

कवचात तीन प्रथिनं महत्त्वाची. हेक्सॉनचे २४० त्रिक मिळून कवचाचा मोठा भाग बनतो आणि शरीराची निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं मुख्यतः त्यालाच चिकटतात. बारा कोपऱ्यांवर पेन्टॉन बेस असतो. पेशीत शिरताना तो कामाला येतो. त्यातून बाहेर आलेला फायबर कोणत्या पेशीला धरायचं ते ठरवतो. प्रकार ५ च्या संदर्भ जीनोममध्ये (३५,९३८ बेस) पेन्टॉन बेस १४१५६ ते १५८७१, हेक्सॉन १८८४२ ते २१७००, फायबर ३१०४२ ते ३२७८७ या जागी आहेत. इतर प्रकारांत आकडे थोडे मागेपुढे होतात, क्रम तोच राहतो. हे आकडे वहीत लिहून ठेवा, आलेख वाचताना पदोपदी लागतील.

अदलाबदल कशी होते आणि कुठे टिकते

अ‍ॅडेनोविषाणूची डीएनए-प्रत बनवण्याची रीत थोडी निराळी आहे. जीनोमच्या दोन्ही टोकांना प्रथिन जोडलेलं असतं आणि नवी प्रत तिथूनच सुरू होते. ती पुढे सरकते तशी जुन्या दोन धाग्यांपैकी एक बाजूला ढकलला जातो आणि एकेरी धागा म्हणून मोकळा पडतो. आता त्याच पेशीत दुसरा जवळचा प्रकारही वाढत असेल, तर हा मोकळा धागा त्याच्या जीनोममधल्या मिळत्याजुळत्या भागाशी जोडी जमवू शकतो. तिथून एकाचा तुकडा दुसऱ्यात जातो. जोडी जमायला क्रम बऱ्यापैकी सारखा लागतो, म्हणून अदलाबदल बहुधा एकाच प्रजातीच्या आत होते. अपवाद आहेत. प्रजाती ई मधला प्रकार ४ बराचसा चिंपांझीच्या अ‍ॅडेनोविषाणूंसारखा आहे, पण त्याच्या हेक्सॉनचं नातं प्रजाती बी मधल्या १६ शी जुळतं.

दोन प्रकार एका पेशीत यायला संधी हवी, आणि ती भरपूर मिळते. बरं झाल्यावरही हा विषाणू टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइडच्या लिम्फोसाइट पेशींत दबून राहतो, मुलांच्या विष्ठेतून कितीतरी आठवडे पडत राहतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात एकाच वेळी अनेक प्रकार वाढतात. १९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांच्या विष्ठेतून डी प्रजातीचे बरेच नवे प्रकार मिळाले, त्यामागे हेच कारण मोठं असावं असं मला वाटतं.

एक बारकावा इथेच लक्षात घ्या, कारण निष्कर्ष लिहिताना बहुतेकजण तिथे गडबडतात. आपल्याला दिसणारे सांधे, म्हणजे ब्रेकपॉइंट, हे सगळे झालेले सांधे नसतात. सांधा कुठेही पडू शकतो, पण मोडकं प्रथिन तयार झालं तर तो विषाणू मागेच पडतो. टिकतात ते सांधे असे की ज्यांनी काही बिघडवलं नाही किंवा फायदा करून दिला. हेक्सॉनच्या अतिचंचल भागांच्या दोन्ही बाजूंना स्थिर, सर्व प्रकारांत सारखे पट्टे आहेत. जोडी त्या पट्ट्यांवर जमते, बदलतो मधला प्रतिपिंडांना दिसणारा भाग. समाजात ज्या प्रकाराविरुद्ध प्रतिपिंडं भरपूर आहेत, त्याला असा नवा हेक्सॉन मिळाला की तो पुन्हा मोकळा फिरू शकतो.

प्रकार ५५ ने नेमकं हेच केलं. २००६ साली वायव्य चीनमधल्या शान्शी प्रांतात एका शाळेत श्वसनविकाराची साथ आली. सेरोलॉजीने, म्हणजे प्रतिपिंडांच्या चाचणीने, विषाणू ११ ठरला आणि त्याला ११ए म्हटलं गेलं. पण ११ चा मूळ नमुना मूत्रमार्गाच्या संसर्गांशी जोडला जातो; फुप्फुसांची साथ त्याच्या स्वभावात बसत नव्हती. पूर्ण जीनोम तपासल्यावर उलगडा झाला. जवळजवळ सगळा जीनोम १४ चा, आणि १४ हा पूर्वीपासून श्वसनमार्गाचाच विषाणू. ११ कडून आलेला होता फक्त हेक्सॉनचा काही भाग. शिवाजी उद्यमनगरात एका ट्रकच्या चेसिसवर दुसऱ्याची बॉडी चढवली तर लांबून बघणारा बॉडीवरूनच गाडी ओळखणार. सेरोलॉजीचं तसंच झालं. या विषाणूला पुढे ५५ असा स्वतंत्र क्रमांक मिळाला.

पहिली पायरी: जीनोम गोळा करणं

जेनबँक हा जनुकीय क्रमांचा ऑनलाइन साठा उघडा आणि न्यूक्लिओटाइड विभागात प्रकाराच्या नावाने शोधा. शीर्षकात संपूर्ण जीनोम असं लिहिलेल्या नोंदीच घ्या. जुन्या प्रकारांसाठी मूळ नमुन्याची, म्हणजे प्रोटोटाइपची, नोंद निवडा: ११ साठी स्लोबित्स्की, १४ साठी डी विट, ७ साठी गोमेन, ३ साठी जीबी. हे त्या-त्या मूळ नमुन्यांचे शिक्के आहेत आणि नोंदीत स्ट्रेन या रकान्यात दिसतात.

आपल्या उदाहरणासाठी ५५, ११, १४, ३४, ३५, मग बी प्रजातीच्या दुसऱ्या शाखेतले ३, ७, १६, २१, ५०, आणि बाह्य तुलनेसाठी ई मधला ४ असा संच पुरे. ५५ च्या दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या देशांच्या नोंदी मिळाल्या तर त्याही घ्या. पुढे शंका घेण्याच्या वेळी त्या फार उपयोगी पडतात. सगळे क्रम एकाच फास्टा (क्रमांच्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये ठेवा आणि शीर्षकं आटोपशीर करा: प्रकार, देश, वर्ष. नोंद क्रमांकांची वेगळी तक्ता-फाइल ठेवा. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात, आणि विचारावाच.

फाइल उघडून प्रत्येक क्रमाची लांबी बघा. ३४ हजारांच्या खाली बराच कमी असेल तर जीनोम अपुरा आहे. एन अक्षरांच्या (न वाचता आलेल्या बेसच्या) लांब रांगा असतील तर ती नोंद काढून टाका.

दुसरी पायरी: क्रम एकाखाली एक लावणं

यासाठी मॅफ्ट हा प्रोग्रॅम वापरा. ऑनलाइन सर्व्हरवर चालतो, काही डाउनलोड करावं लागत नाही. क्रमाची दिशा आपोआप सुधारण्याचा पर्याय चालू ठेवा, कारण एखादी नोंद उलट्या धाग्यावरून दिलेली असते आणि मग सगळा आलेख कोसळतो.

निकाल आला की लगेच पुढे पळू नका. अ‍ॅलीव्ह्यू किंवा मेगा या प्रोग्रॅममध्ये तो उघडा आणि डोळ्यांनी बघा. हेक्सॉनच्या चंचल भागात, ई३ या जनुकांच्या पट्ट्यात आणि फायबरच्या टोकाला रिकाम्या जागा जास्त पडतात. तिथे जुळणी चुकली तर संगणक बिनदिक्कत खोटा सांधा दाखवेल. हेक्सॉनचा भाग वेगळा काढून, प्रथिनात भाषांतर करून, अमिनो आम्लांच्या पातळीवर जुळवून परत डीएनएवर आणणं हा खात्रीचा मार्ग. वेळ जातो, पण आख्ख्या कामात इतका फायद्याचा वेळ दुसरा नाही.

तिसरी पायरी: तीन जनुकांची तीन झाडं

जुळणीतून पेन्टॉन बेस, हेक्सॉन आणि फायबर वेगळे काढा. वरचे आकडे प्रकार ५ चे आहेत, म्हणून आपल्या नोंदीतल्या जनुकांच्या खुणा बघून हद्द ठरवा. प्रत्येकाचं स्वतंत्र झाड, म्हणजे नात्यांची वंशावळ, काढा. मेगा किंवा आयक्यू-ट्री, मॅक्सिमम लाइकलिहुड पद्धत, हजार बूटस्ट्रॅप (झाडाची फांदी किती भक्कम आहे ते तपासणाऱ्या फेऱ्या). आयक्यू-ट्री योग्य मॉडेल स्वतः निवडतो, म्हणून मी तोच सुचवतो.

आता तिन्ही झाडं छापून टेबलावर शेजारी ठेवा. पेन्टॉनच्या झाडात ५५ हा १४ च्या शेजारी बसलेला दिसेल. फायबरच्या झाडातही तसंच. हेक्सॉनच्या चंचल भागाच्या झाडात मात्र तो उठून ११ कडे गेलेला असेल. एकच विषाणू, तीन झाडांत दोन वेगळे शेजारी, आणि दोन्हीकडे बूटस्ट्रॅप भक्कम. रिकॉम्बिनेशनचा हा पहिला सबळ पुरावा. आख्ख्या जीनोमचं एकच झाड काढलं असतं तर ५५ निमूट १४ च्या शेजारी बसला असता. फक्त हेक्सॉनचं काढलं असतं तर ११ च्या. दोन्ही झाडं गणिताने बरोबर, आणि दोन्ही अर्धवट.

नव्या पद्धतीत प्रकार लिहितात तो याच तीन जनुकांवरून. ५५ ची नोंद पी१४एच११एफ१४ अशी: पेन्टॉन १४ चा, हेक्सॉन ११ चा, फायबर १४ चा. ५१ पर्यंतचे प्रकार प्रतिपिंडांच्या चाचणीने ठरले होते, ५२ पासून पूर्ण जीनोमवर ठरतात. या बदलावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. काहींचं म्हणणं होतं की हेक्सॉन जुनाच असेल तर नवा क्रमांक देऊ नये. मला जीनोमची बाजू पटते, कारण रुग्णाच्या आजाराचं स्वरूप हेक्सॉन एकटा ठरवत नाही.

चौथी पायरी: सरकत्या खिडकीचा आलेख

झाडं सांगतात की अदलाबदल झाली. कुठे झाली ते बघायला सिमप्लॉट हा प्रोग्रॅम. विंडोजवर चालतो, अलीकडची नवी आवृत्तीही उपलब्ध आहे. ५५ ला प्रश्नाधीन क्रम ठेवा आणि बाकीचे संदर्भ. प्रोग्रॅम ठरावीक लांबीची खिडकी जीनोमवरून सरकवतो आणि प्रत्येक थांब्यावर ५५ चं इतरांशी किती टक्के साम्य आहे ते काढतो.

पूर्ण जीनोमसाठी खिडकी १००० बेसची आणि पाऊल २०० चं ठेवा. हेक्सॉनच्या आत शिरताना खिडकी २००, पाऊल २०. खिडकी लहान केली की रेषा थरथरतात, मोठी केली की छोटा तुकडा गडप होतो. म्हणून दोन्ही आलेख काढा आणि दोन्ही अहवालात ठेवा. १४ ची रेषा जवळजवळ सगळीकडे वर, शंभराला टेकलेली दिसेल. हेक्सॉनपाशी ती एकदम खाली पडते, आणि त्याच ठिकाणी ११ ची रेषा वर येते. थोड्या अंतराने दोन्ही पुन्हा जागा बदलतात. रेषा एकमेकींना जिथे छेदतात तिथे, आसपास, सांधा आहे.

मग त्याच प्रोग्रॅममधला बूटस्कॅन चालवा. तो साम्याऐवजी प्रत्येक खिडकीचं झाड काढतो आणि ५५ कोणाजवळ किती वेळा बसला ते दाखवतो. ७० टक्क्यांच्या वर सलग टिकलेला पट्टाच गांभीर्याने घ्या. एखादा अणकुचीदार सुळका दिसला म्हणून हुरळून जाऊ नका.

पाचवी पायरी: कागदावर हाताने मोजणी

ही पायरी पुस्तकात सहसा नसते, पण मी ती प्रत्येकाला करायला लावतो.

जुळणीत फक्त तीन ओळी ठेवा: ११, १४, ५५. हेक्सॉनच्या थोडं आधीपासून सुरुवात करा. ज्या स्तंभात ११ आणि १४ सारखेच आहेत ते सोडून द्या, तिथून काही कळत नाही. जिथे ते वेगळे आहेत, तिथे ५५ कोणासारखा आहे एवढंच लिहा. ओळ अशी येऊ लागते: १४, १४, १४, १४, १४, मग ११, ११, ११, ११, ११, ११, आणि पुढे पुन्हा १४, १४, १४. मध्ये एखादा स्तंभ कोणाशीच जुळत नाही; ते नंतरचे साधे बदल असतात. पण गट इतके स्वच्छ सलग पडतात की योगायोगाला जागा राहत नाही. शेवटचा १४ आणि पहिला ११ यांच्या मधल्या स्थिर पट्ट्यात कुठेतरी सांधा आहे. त्या पट्ट्यात दोघे सारखेच असल्यामुळे नेमका बेस सांगता येत नाही, आणि सांगूही नये. अहवालात सांधा अमुक ते तमुक बेसच्या दरम्यान असं लिहा. एका नेमक्या आकड्यावर बोट ठेवणारा अहवाल अधिक शास्त्रीय दिसतो, पण तो पुराव्यापेक्षा जास्त बोलतो.

तास-दोन तास लागतात. पण संगणकाच्या रंगीत आलेखामागे नेमकं काय मोजलं जातंय ते यानंतर कायमचं कळतं. मॅक्सकाय नावाची सांख्यिकी चाचणी हेच करते: डावीकडे आणि उजवीकडे जुळणाऱ्या स्तंभांचं प्रमाण इतकं वेगळं आपोआप येईल का, एवढंच तपासते.

सहावी पायरी: आरडीपी

आरडीपी हा केप टाउनच्या डॅरेन मार्टिन यांच्या गटाचा मोफत प्रोग्रॅम, विंडोजसाठी. जुळणीची फाइल द्या, क्रम सरळ रेषेत आहेत असं सांगा (नाहीतर तो जीनोम वर्तुळाकार धरेल आणि टोकं एकमेकांना जोडेल), आणि आरडीपी, जीनकन्व्ह, बूटस्कॅन, मॅक्सकाय, कायमेरा, सिस्कॅन, थ्रीसेक या सातही पद्धती निवडा. बॉनफेरोनी सुधारणा (अनेक चाचण्यांतून येणारे योगायोग गाळणारी) चालू, पी ०.०५ पेक्षा कमी. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बसा आणि निकाल आल्याआल्या सेव्ह करा.

प्रोग्रॅम घटनांची लांबलचक यादी देतो. निदान चार पद्धतींनी पकडलेल्या घटनाच पुढे न्या. प्रत्येकीत संकरित कोण, मोठा पालक कोण, छोटा पालक कोण हे तो सुचवतो, आणि इथे तो चुकतो. कधीकधी तो ५५ ला पालक आणि ११ ला संकर म्हणेल. त्याला तिघांतलं नातं दिसतं, काळाची दिशा दिसत नाही. ती आपण ठरवायची: झाडं, नमुन्यांची वर्षं आणि आजाराचा इतिहास बघून.

संचात रिकॉम्बिनेशन आहे की नाही एवढाच प्रश्न असेल तर स्प्लिट्सट्री या प्रोग्रॅममधली फाय चाचणी दोन मिनिटांत उत्तर देते. कुठे ते सांगत नाही. डी प्रजातीचे जीनोम त्यात टाकून बघा. झाडाऐवजी कोळ्याचं जाळं उमटतं.

सातवी पायरी: स्वतःच्या निकालावर शंका घेणं

सगळ्यात जास्त मेहनत इथे करा. खोटे सांधे तयार होण्याचे मार्ग बरेच आहेत.

पहिला मार्ग पीसीआरचा. एकाच नमुन्यात दोन प्रकार असतील तर अर्धवट बनलेला तुकडा पुढच्या फेरीत दुसऱ्या प्रकारावर जाऊन बसतो आणि निसर्गात नसलेला संकर नळीत तयार होतो. दुसरा मार्ग जोडणीचा: लहान तुकडे वाचून जीनोम उभा करताना प्रोग्रॅम दोन विषाणूंचे तुकडे एकाच साखळीत शिवतो. रुग्णाला दोन संसर्ग आहेत आणि आपण एक नवा विषाणू जाहीर करतो, असं होऊ शकतं. कच्चा डेटा मिळत असेल तर सांध्यावरून सलग जाणारे रीड (यंत्राने वाचलेले लहान तुकडे) किती आहेत ते बघा. मिळत नसेल तर विचारा: हाच सांधा दुसऱ्या प्रयोगशाळेने, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या रुग्णात पाहिलाय का? ५५ बाबत उत्तर हो आहे, म्हणूनच तो उदाहरणाला घेतला. सांधा नेमका जुन्या पीसीआर तुकड्याच्या हद्दीवर पडत असेल तर मात्र पुढे जाऊ नका.

तिसरा धोका पालकांच्या नावाचा. प्रोटोटाइप दशकांपूर्वी वेगळे केलेले आणि प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा वाढवलेले असतात. खरी अदलाबदल रुग्णांत फिरणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांत झालेली असते. म्हणून ११ आणि १४ पासून ५५ झाला असं न लिहिता ११ सारख्या आणि १४ सारख्या विषाणूंपासून असं लिहा. कधी एक पालक सापडतच नाही: तुकडा कोणाशीच नीट जुळत नाही, कारण तो प्रकार अजून कोणी वाचलेला नाही. तेही तसंच नोंदवा.

आणि रिकॉम्बिनेशन सापडल्यावर त्याच जुळणीवर निवडदाब (नैसर्गिक निवडीचा जोर) किंवा आण्विक घड्याळाचं (बदलांवरून काळ मोजण्याचं) गणित सरळ चालवू नका. दोन वेगळ्या इतिहासांचे तुकडे एकाच झाडावर बसवले की खोटा निवडदाब दिसतो. डेटामंकी या संकेतस्थळावरच्या गार्ड प्रोग्रॅमने आधी तुकडे पाडा, मग पुढचं.

आपल्याकडे याचा उपयोग

२०२३ च्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये लहान मुलांत अ‍ॅडेनोविषाणूची मोठी साथ आली. कोलकात्याच्या संशोधकांना बहुसंख्य नमुन्यांत ७ आणि ३ यांचा संकर आढळला. अतिदक्षता विभाग भरलेले असताना नुसतं अ‍ॅडेनो पॉझिटिव्ह एवढ्यावर थांबलं असतं तर ही माहिती हाती आली नसती. आपल्या जिल्ह्यात मुलांच्या तापाचे, न्यूमोनियाचे नमुने तपासले जातात तेव्हा बहुतेकदा पीसीआरने विषाणू आहे की नाही एवढंच कळतं. निदान हेक्सॉन, पेन्टॉन आणि फायबर तिन्ही वाचले जावेत. पूर्ण जीनोमइतका खर्च त्याला येत नाही, आणि ५५ सारखा पाहुणा आला तर तो ओळखू येईल.

लसीच्या कारखान्यातही हाच विषय आहे. प्रकार ५ वर आधारलेल्या वाहक (लसीचं जनुक शरीरात नेणाऱ्या) विषाणूंमधून ई१ जनुकं काढलेली असतात, म्हणून ते शरीरात वाढू शकत नाहीत. पण ते ज्या एचईके २९३ पेशींत वाढवतात, त्या पेशींच्या डीएनएत प्रकार ५ चा डावीकडचा ४३४४ बेसचा तुकडा बसलेला आहे. ई१ तिथूनच पुरवलं जातं. वाहक आणि पेशी यांच्यात क्रम सारखा असल्यामुळे क्वचित अदलाबदल होते आणि वाढू शकणारा विषाणू परत तयार होतो. प्रत्येक बॅचमध्ये त्याची चाचणी करावी लागते. पीईआर.सी६ नावाच्या पेशी मुद्दाम अशा बनवल्या की हा सामाईक भागच उरू नये. औषधनिर्मितीत नोकरी करायची असेल तर हे नीट समजून घ्या.

स्वतः करायला

५५ झाला की डी प्रजातीकडे जा. ५३ घ्या, सोबत ३७, २२ आणि ८. त्याची नोंद पी३७एच२२एफ८ अशी आहे, म्हणजे तीन जनुकांना तीन पालक, आणि आलेखात सांधे एकापेक्षा जास्त. ५५ च्या मानाने हे अवघड आहे, कारण डी मधले सगळे एकमेकांना इतके जवळचे की मधल्या भागात रेषा एकमेकींवर चढतात. खिडकी बदलून बदलून बघावं लागेल.

नंतर ६४. याला पूर्वी १९ए म्हणत, कारण सेरोलॉजीत तो १९ सारखा वागतो. जुना १९ डोळ्यांच्या त्या गंभीर साथींशी जोडला गेलेला नाही. ६४ मात्र बुबुळापर्यंत जाणारा केराटोकंजंक्टिव्हायटिस करतो. १९, ३७, २२ आणि ६४ यांची तीन झाडं काढा. हेक्सॉनमध्ये ६४ कोणाजवळ बसतो ते बघा, मग फायबरमध्ये कोणाजवळ, आणि आजारातला फरक त्या दोनपैकी कोणत्या जनुकाने आला असेल त्यावर प्रोजेक्टच्या चर्चेत दीड पान लिहा. फायबरचं झाड ३७ कडे बोट दाखवेल, आणि ३७ हाही डोळ्याच्या साथीचाच विषाणू आहे.